पानामावशींची सही

पानामावशी डोळ्यांवर विश्वास ठेवायच्या नाहीत. समोर नुकताच रंगवलेला, झगझगीत पाळणा उभा असला तरी त्या त्याच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मान खाली घालून, हातातल्या छोट्या हातोडीने एकेका बोल्टवर हलकेच ठोकायच्या आणि कान तिरका करून ऐकायच्या. टण्ण असा आवाज आला की पुढच्या बोल्टकडे. आवाज पसंत पडला नाही तर पुन्हा ठोकायच्या, मग डोळे मिटून पुन्हा एकदा. "डोळ्याला रंग दिसतो गं," त्या म्हणायच्या, "आतलं काय दिसतं?"

त्यांचं खरं नाव सुमन जाधव. पण कमरेच्या पट्ट्याला कायम एक मोठा पाना लटकत असायचा, म्हणून सगळ्या पार्कात त्या पानामावशी. ठाण्यात कोलशेतच्या बाजूला, खाडीलगत एक मनोरंजन पार्क आहे, तिथे त्या मेंटेनन्सला फिटर होत्या. पंचावन्नच्या आसपास वय, सावळा रंग, बुटकी चण, केसांचा घट्ट अंबाडा आणि खाकी शर्टाखाली सलवार. मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा त्या एका वाळूच्या गोणीला रागावत होत्या.

तो माझा कामाचा पहिला दिवस होता. मी डोंबिवलीची. बी.कॉम. झाले, एका ऑफिसात चिकटले, लॉकडाउनमध्ये ते ऑफिस बंद पडलं आणि वर्षभर घरी बसल्यावर पार्कात राइड ऑपरेटरची जागा मिळाली. बाबा म्हणाले, "पदवी घेऊन आता पाळणे फिरवणार?" खरं तर मलाही तसंच वाटत होतं.

पार्क लोकांसाठी साडेदहाला उघडायचा. आम्हाला आठला हजर राहावं लागे. त्या अडीच तासांतला पार्क लोकांना कधी दिसत नाही. फाटकापाशी मुलांना मिठ्या मारणारं अस्वल तेव्हा नुसतं धड असायचं. त्याचं मुंडकं बाकावर उलटं ठेवलेलं, त्यात कुणाचा तरी डबा, आणि मानेतून बाहेर आलेला घामाघूम प्रवीण पोहे खात बसलेला. भूतबंगल्यात सगळ्या ट्यूबलाइट लावून झाडलोट चाललेली. हडळीचं गंगावन धुऊन बाहेर दोरीवर वाळत घातलेलं. आणि या सगळ्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, मोठं झुलतं जहाज. त्या जहाजात चाचणीसाठी माणसांच्या जागी ओळीने वाळूच्या गोण्या बसवल्या होत्या. प्रत्येक गोणीला पट्टा लावलेला.

"जावईबापू, नीट बसा," पानामावशी एका गोणीला दरडावत होत्या. "रोज रोज घसरता. बायको काय म्हणेल?"

माझ्याकडे बघून त्यांनी ओळख करून दिली. सगळ्यात जड गोणी म्हणजे सासूबाई, त्या कायम शेवटच्या रांगेत. पट्ट्यातून घसरणारे ते जावईबापू. मधल्या रांगेत आत्याबाई, मामंजी आणि दोन नणंदा. रोज सकाळी हे सगळं गणगोत जहाजातून तीन फेऱ्या मारून यायचं. मग गोण्या उतरवून चौथ्या फेरीला मावशी स्वतः एकट्या बसायच्या, अगदी टोकाला, जिथे पोटात सगळ्यात मोठा गोळा येतो तिथे. चेहरा असा, की जणू शेअर रिक्षात बसल्या आहेत. उतरल्या की रजिस्टर उघडायचं, तारीख टाकायची आणि सही करायची. सुमन भि. जाधव. अक्षर शाळेतल्या पोरीसारखं गोल, सावकाश, एकेक अक्षर जपून काढलेलं.

"सहीला एवढा वेळ?" मी एकदा विचारलं.

"ही सही केल्यावर रात्री मला झोप लागली पाहिजे," त्या म्हणाल्या. "घाईत केलेल्या सहीवर झोप येत नाही बघ."

मावशींच्या शर्टाला सात खिसे होते. त्यांचे यजमान, जाधवकाका, विठ्ठलवाडीला चाळीतल्या घरातच शिलाईमशीन टाकून बसायचे. त्यांनी ते खिसे मुद्दाम शिवून दिले होते. दहा नंबरच्या पान्याला एक, बाराला एक, ग्रीसच्या डबीला झाकणवाला, चष्म्याला मऊ अस्तर लावलेला आणि अगदी वरचा, डाव्या बाजूचा, शेंगदाण्यांसाठी. "आमचे हे म्हणतात," मावशी हसून सांगायच्या, "तुझ्यापेक्षा तुझा शर्ट जास्त शिकलाय."

त्या आयटीआयला फिटरच्या वर्गात एकट्याच मुलगी होत्या. पहिल्या नोकरीत, डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात, साहेबांनी पहिल्याच दिवशी चहा करायला सांगितला होता. "केला की," मावशी म्हणाल्या. "चांगला आलं घालून केला. मग तोच स्टोव्ह खोलून साफ केला, पुन्हा जोडला आणि साहेबांना म्हटलं, आता पंप दाखवा." पुढे एकवीस वर्षं त्या तिथे होत्या. तो कारखाना का सोडला हे मात्र त्या सांगत नसत. विचारलं की वरच्या खिशातून शेंगदाणे काढून हातावर ठेवायच्या. विषय संपला असा त्याचा अर्थ.

पार्कात झाडू मारणाऱ्या बायका होत्या सात-आठ. त्यातल्या शेवंताबाई सहा वर्षं मोठ्या चक्रपाळण्याखाली झाडत होत्या. वरून पडणारे वेफर्सचे कागद, टोप्या, एकदा तर कुणाची कवळी, सगळं त्यांनीच उचललेलं. एका सकाळी गोण्यांची फेरी झाल्यावर मावशींनी त्यांना विचारलं, "तू कधी बसलीस का यात?"

"मी? मी कशाला?"

"मग रोज गोण्याच काय फिरवायच्या? तपासून झालाय पाळणा. चल."

त्या दिवसापासून गोण्या उतरल्या आणि मावशींची स्वतःची फेरी झाली, की एक फेरी झाडूवाल्या बायकांची, असा नेमच पडला. शेवंताबाईंनी पहिल्या फेरीला डोळे घट्ट मिटून मावशींचा दंड धरला होता. अगदी वर पोचल्यावर मावशींनी पाळणा थांबवायची खूण केली. मी खाली बटणापाशी होते. वरून शेवंताबाईंचा आवाज आला, "अगं बाई! एवढं पाणी आहे होय इकडं?" सहा वर्षं त्यांनी खाडीच्या वासात काम केलं होतं, पण मधल्या भिंतीमुळे खाडी बघितली नव्हती. खाली आल्यावर त्या पदराने तोंड झाकून हसत सुटल्या आणि झाडू कुठे ठेवला तेच विसरल्या.

हे एक दिवस आमच्या मॅनेजरांनी, देसाईसाहेबांनी बघितलं. आम्ही सगळ्या जागच्या जागी गोठलो. देसाईसाहेब कडक माणूस. इस्त्रीच्या घडीसारखा. ते दोन क्षण वर बघत राहिले, मग मला म्हणाले, "सगळ्यांचे पट्टे लावलेत ना?" आणि निघून गेले. म्हणून सांगते, पुढे जे झालं त्यात देसाईसाहेब वाईट होते असं कुणी समजू नये.

तो डिसेंबरचा रविवार होता. कल्याणहून एका शाळेच्या तीन बसेस येणार होत्या आणि मुलांना जहाजात बसवायचं आधीपासून कबूल केलेलं होतं. आदल्याच आठवड्यात नाताळासाठी जहाज बंद ठेवून त्याला नवा निळा रंग दिला होता आणि त्यानंतर ते त्या दिवशीच पहिल्यांदा चालणार होतं. शनिवारी बाहेरचे तपासनीस येऊन गेले होते, त्यांनी यंत्रं लावून सगळं पाहिलं होतं आणि सर्टिफिकेट देसाईसाहेबांच्या टेबलावर पडलं होतं. म्हणजे काळजीचं काहीच कारण नव्हतं.

मावशी नेहमीप्रमाणे शिडीवर चढल्या. जहाजाचा दांडा वरच्या आसाला जिथे जोडतो तिथे बोल्टांची एक रांग आहे. टण्ण, टण्ण, टण्ण. मी खाली गोण्यांचे पट्टे बघत होते. आणि मग आवाज थांबला. पुन्हा ठोकल्याचा आवाज. पुन्हा. मी वर पाहिलं तर मावशींचे डोळे मिटलेले.

त्या खाली आल्या, गोण्या उतरवा म्हणाल्या आणि रजिस्टर न उघडताच बाकावर बसल्या. जहाजावर माझ्याबरोबर काशीदादा म्हणून दुसरे ऑपरेटर होते, कोलशेत गावातलेच. त्यांच्या आजोबांची मिठागरं याच जागेवर होती. त्यांनी विचारलं, "काय झाला गो मावशी?"

"तेरावा वेगळा वाजतोय," मावशी म्हणाल्या. "जहाज आज बंद."

देसाईसाहेब धावतच आले. बसेस माजिवड्याला, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांवर पोचल्या होत्या. ते आधी समजुतीने बोलले. "मावशी, कालच तपासणी झालीये. मशीनने झालीये. तुमचा कान मशीनपेक्षा तिखट आहे का?"

"नाही साहेब. पण सही मशीनची नाही ना चालत. माझी लागते."

"बोल्ट सैल आहे का?"

"पाना लावून बघितला. सैल नाही."

"तडा दिसतो?"

"दिसत नाही."

"मग?"

"आवाज वेगळा आहे. का आहे ते खोलल्याशिवाय कळणार नाही. खोलायला क्रेन लागेल. क्रेन उद्या येईल."

देसाईसाहेबांनी कपाळ पुसलं. डिसेंबरची थंडी असूनही त्यांना घाम आला होता. मग ते माझ्याकडे वळले. नियमाप्रमाणे फिटर हजर नसेल तर त्या दिवशीची सही ऑपरेटर करू शकत असे. "मावशींची तब्येत बरी नाही असं समजू," ते म्हणाले. "त्या घरी जातील. अपर्णा, तुम्ही सही करा. तुमचं कायम होण्याचं पत्र या महिन्यात निघायचंय, लक्षात आहे ना?" हे ते धमकी म्हणून म्हणाले की सहज, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी नको म्हणावं, खुणवावं, काहीतरी करावं अशी माझी इच्छा होती. त्यांनी खिशातून हातोडी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"वर जा," त्या म्हणाल्या. "तुला जे ऐकू येईल ते लिही. मला ऐकू आलं ते नको लिहूस. मी चुकत असेन तर सही कर. मला राग नाही."

मी शिडी चढले. मला उंचीची भीती वाटते हे मी तोवर पार्कात कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या बोल्टवर ठोकलं. टण्ण. दुसरा, तिसरा, सगळे सारखेच. बारावा टण्ण. तेराव्यावर हात थांबला. मनातून मला वाटत होतं की हाही तसाच वाजावा, म्हणजे सगळे सुटतील. मी ठोकलं. टप्प. लाकडावर वाजावं तसं. मी पुन्हा ठोकलं. मग बारावा, मग पुन्हा तेरावा. शिडी उतरताना माझे हात ग्रीसने नाही, घामाने ओले झाले होते.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं, "तेराव्या बोल्टचा आवाज इतरांपेक्षा वेगळा. सही करत नाही." आणि खाली नाव घातलं. काशीदादांनी ते वाचलं, हातोडी घेतली, वर गेले आणि उतरल्यावर एवढंच म्हणाले, "मना पन तसाच आयकू आला." देसाईसाहेबांनी रजिस्टर मिटलं आणि ऑफिसात निघून गेले. मागे वळून पाहिलंही नाही.

मुलं आली. जहाजापुढे दोरी लावलेली बघून आधी कुजबुज, मग रडारड सुरू झाली. त्यांच्या बाई तर आमच्यावर तुटूनच पडल्या. दोन महिने आम्ही मुलांना याच जहाजाचं सांगत होतो, आता काय तोंड दाखवू, असं त्यांचं चाललं होतं आणि त्यांचं चूक नव्हतं. मी माफी मागत राहिले. तेवढ्यात पानामावशी दोरीखालून वाकून पलीकडे गेल्या आणि मुलांसमोर उभ्या राहिल्या.

"पोरांनो, जहाज आजारी आहे की नाही, ते मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून आज त्याला सुट्टी. पण जहाजाचं पोट बघायचंय का कुणाला?"

रडणारी पोरं गप्प झाली. मावशींनी मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दहा-दहा मुलांना कुंपणाच्या आत न्यायला सुरुवात केली. जहाजाखालचा तो मोठा रबरी टायर, जो फिरून जहाजाला ढकलतो, तो त्यांनी हात लावून बघू दिला. ब्रेक दाखवला. जावईबापू आणि सासूबाईंची ओळख करून दिली. मुलं इतकी हसली की त्यांच्या बाईंनाही हसू आलं. मग खालच्या बाजूचे बोल्ट वाजवून दाखवताना त्यांनी एकेकाच्या हातात हातोडी दिली आणि म्हणाल्या, "ऐका. सगळे एकाच सुरात बोलतात की नाही ते सांगा मला." वरच्या त्या रांगेपर्यंत मुलांना नेणं शक्य नव्हतं, म्हणून मी शिडीवर चढून वाजवत गेले आणि मुलं खाली माना वर करून, एकदम चिडीचूप ऐकत राहिली.

चष्मा लावलेली, दोन वेण्यांची एक मुलगी होती. तेरावा वाजल्याबरोबर ती ओरडली, "मावशी, हा वेगळा बोलतोय!"

मी वरूनच पाहिलं. तिकिटाच्या खिडकीपाशी देसाईसाहेब उभे होते. ते कधी आले होते कळलं नाही. त्यांनीही ऐकलं असणार.

तरी सोमवारी मावशींच्या नावाने मेमो निघाला. वरिष्ठांची सूचना न पाळल्याबद्दल खुलासा करावा. त्याच दुपारी क्रेन आली आणि बोल्ट खोलला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. मावशींनी तो चिंधीने पुसला, भिंग लावून फिरवून फिरवून पाहिला. बोल्ट धडधाकट होता. तडा नाही, झीज नाही, काही नाही. नवा रंग देताना तो ओला असतानाच वॉशरखाली गेला होता आणि तिथे त्याचा जाड थर बसला होता. त्यानेच आवाज दबला होता. क्रेनबरोबर आलेले इंजिनिअर म्हणाले, कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित काही महिन्यांनी थर चुरून बोल्ट ढिला झाला असता. सांगता येत नाही.

माझा चेहरा पडला. एवढं सगळं केलं, मुलं रडली, मेमो आला आणि निघालं काय, तर रंग! मावशी मात्र हसत होत्या. सुटल्यासारख्या, मोकळ्या. त्यांनी रंग खरवडला, वॉशर बदलला, बोल्ट बसवला, ठोकला. टण्ण. मग माझ्याकडे पाहिलं आणि हसू आवरून म्हणाल्या, "तुला तडा हवा होता ना?"

मी खरवडलेल्या रंगाचा चुरा चिंधीने पुसू लागले.

"मलाही एकेकाळी वाटायचं तसं. आपण खरे ठरावं म्हणून वाईट निघावं असं वाटायला लागलं ना पोरी, की हातोडी खाली ठेवायची. बोल्ट चांगला निघाला, यापेक्षा चांगलं काय असतं?"

मेमोला त्यांनी त्याच गोल अक्षरात उत्तर लिहिलं. "आवाज वेगळा आला म्हणून सही केली नाही. पुन्हा आला तर पुन्हा करणार नाही." देसाईसाहेबांनी ते फाइलला लावलं. पुढे त्याचं काही झालं नाही.

त्या गुरुवारी मावशींनी मला विठ्ठलवाडीला घरी जेवायला बोलावलं. स्टेशनाबाहेर भाजीवाले बसतात, त्यात एका हातगाडीपाशी त्या थांबल्या. भाजीवाल्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजल्यासारखा, बोटं आखडलेली. "जय भीम, सुमनताई," तो म्हणाला. मग डाव्या हाताने एकेक भेंडी मोडून बघत त्याने अर्धा किलो कोवळी भेंडी निवडून दिली. दोघं भेंडीखेरीज कशावर बोलले नाहीत. पुढे गेल्यावर मावशींनी सांगितलं. तो भास्कर. कारखान्यात त्यांच्याच पाळीला असायचा. एका पंपाच्या सीलबद्दल मावशींना शंका आली होती, तेव्हा साहेब म्हणाले होते, आजचा दिवस चालवून घ्या. मावशींनी सही केली होती. दुपारी सील फुटलं आणि पंपापाशी भास्कर होता.

"त्याने कधी एक शब्द विचारला नाही मला," मावशी म्हणाल्या. "मी कधी सांगितलं नाही. पण भाजी मी त्याच्याकडूनच घेते."

जाधवकाकांनी तीच भेंडी केली. मी निघताना काकांनी एका कापडी पिशवीत घालून काहीतरी दिलं. घरी येऊन उघडलं तर खाकी शर्ट. माझ्या मापाचा. मापं त्यांनी केव्हा घेतली कोण जाणे. त्याला दोनच खिसे होते. मावशींना फोन केला तर म्हणाल्या, "दोन पुरेत आत्ता. जसजसं शिकशील तसे वाढवून घे."

मला कायम होण्याचं पत्र मिळालं, पण ते ऑपरेटरचं होतं. मी देसाईसाहेबांकडे गेले आणि मला मेंटेनन्सला टाका म्हणून सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आयटीआय केलंय?" नव्हतं केलं. सव्विसाव्या वर्षी, बी.कॉम. झालेली मी, नोकरी सांभाळून, दहावी होऊन आलेल्या पोरांबरोबर फिटरच्या वर्गात जाऊन बसले. बाबा आठवडाभर बोलले नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातला गळका नळ दाखवला आणि म्हणाले, "जमतं का बघ." जमलं.

एक दिवस सकाळी देसाईसाहेबांचा फोन आला. रविवार नव्हता, सुट्टी नव्हती, मधलाच बुधवार. "मावशी आज ड्युटीवर आहेत ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. अकरा वाजता ते आले, बरोबर बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. मुलीचा वाढदिवस होता. इतकी वर्षं पार्क चालवून त्यांनी घरच्यांना कधी पार्कात आणलं नव्हतं, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं. मुलगी जहाजात अगदी टोकाला बसली. देसाईसाहेब खाली कठड्याला धरून उभे. शेजारी मावशी. दोघंही वर बघत होते. उतरल्यावर मुलगी पुन्हा जायचं म्हणून हट्ट करू लागली आणि साहेबांनी मावशींकडे असं पाहिलं, जणू परवानगी त्यांची लागते.

मावशी अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झाल्या. निरोपाला भाषणं नकोत म्हणाल्या, तरी शेवंताबाई उठल्या आणि "मी काही बोलणार नाही" एवढं बोलून रडायलाच लागल्या. अस्वलाचं मुंडकं काढून प्रवीण पाया पडला. काशीदादांनी घरून मोदक करून आणले होते, चांगले डबाभर. फाटकातून बाहेर पडताना मावशींनी मला काही उपदेश केला नाही. "ग्रीस संपत आलंय, उद्या मागव," एवढंच म्हणाल्या. मी मागवलं.

याला तीन वर्षं झाली. मी त्या पार्कात आता मेंटेनन्सला आहे. मावशी विठ्ठलवाडीच्या विहाराच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी बायकांना दुरुस्ती शिकवतात. मिक्सर, इस्त्री, पंखे, पाण्याचे पंप. सुरुवातीला तीन जणी यायच्या, त्याही जाधवकाकांच्या शिलाईच्या गिऱ्हाइकांपैकी. आता अकरा आहेत. त्यातली वैशाली ठाण्यात एका टॉवरमध्ये घरकाम करते. मागच्या महिन्यात त्या टॉवरचा पंप बंद पडला. मिस्त्री दोन दिवस येणार नव्हता. वैशाली खाली गेली आणि म्हणाली, मी बघते. वॉचमन म्हणाला, "मिस्त्री कुठे आहे?" ती म्हणाली, "मीच." अर्ध्या तासात पाणी चढलं. हे मावशींनी मला फोनवर दोनदा सांगितलं आणि मी परवा हॉलवर गेले तेव्हा वैशालीला उभं करून तिच्या तोंडून तिसऱ्यांदा वदवून घेतलं. "'मीच' कसं म्हणालीस ते म्हण पुन्हा," असा आग्रह.

त्या दुपारी टेबलावर कुणाच्या तरी घरचा जुना मिक्सर उघडा पडला होता. अकरा डोकी त्याच्यावर वाकलेली. मावशी हात मागे बांधून उभ्या होत्या, कशालाही हात लावत नव्हत्या. तासाभराने मिक्सर जोडून झाला. चालतो का बघायला एकीने भांड्यात मूठभर शेंगदाणे टाकले, दुसरीने बटण दाबलं आणि मिक्सर असा काही गरगरला की सगळ्या टाळ्या पिटायला लागल्या. झाकण लावायचं राहिलंच होतं. कूट थेट पंख्यापर्यंत उडालं. साड्यांवर, केसांवर, जमिनीवर, सगळीकडे शेंगदाण्याचं कूट. क्षणभर सगळ्या भेदरून मावशींकडे बघायला लागल्या.

मावशी टेबलाला धरून हसत होत्या. हसता हसता खाली बसल्या. भुवयांवरचं कूट पुसून त्यांनी बोट चाटलं, वैशालीने पुढे केलेला हात धरून उठल्या आणि बटण बंद केलं.

"चालतोय की!" त्या म्हणाल्या. "चला, आता पुन्हा खोला. या वेळी मला विचारायचं नाही."